हॉर्मोन थांबवायचे, पण कसे? ट्रान्झिशनला विराम किंवा माघार: व्यवहारातली माहिती हवी

पारिजात_७ (धागाकर्ती)
एका मदतगटासाठी चार पानांचं माहितीपत्रक लिहायला घेतलं आहे. विषय: ट्रान्झिशन (स्वतःच्या लिंगओळखीप्रमाणे हॉर्मोन, शस्त्रक्रिया वगैरेंनी शरीर आणि राहणी बदलणं) मध्येच थांबवणं किंवा त्यातून मागे फिरणं. सुरुवात कशी करायची यावर वाचायला पुष्कळ आहे. थांबायचं असेल तर बहुतेक ठिकाणी 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढ्यावर बोळवण होते. मग माणूस संकोचापोटी डॉक्टरांकडे जातच नाही, एके दिवशी औषधं बंद करतो आणि पुढे जे होईल ते एकटा निस्तरत बसतो.

मला हवं आहे ते असं: काय कधी बंद करायचं, शरीर किती दिवसांत काय परत देतं आणि काय कधीच देत नाही, कोणत्या तपासण्या करायच्या, आणि लोक नेमके कुठे चुकतात. ट्रान्झिशन चांगलं की वाईट हा वाद इथे नको. थांबण्याचं कारण तब्येत असो, मूल हवं असणं असो, घरचा दबाव असो किंवा स्वतःबद्दलची समज बदललेली असो, माहिती सारखीच लागते.

अंतःस्राव
पहिल्या पानावर पहिला प्रश्न हाच छापा: बीजांडकोष किंवा वृषण शरीरात आहेत की काढलेले आहेत? दोन वाटा इथेच फुटतात.

ते जागेवर असतील तर बाहेरचे हॉर्मोन थांबल्यावर मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी हळूहळू जागी होते आणि शरीर स्वतःचे हॉर्मोन पुन्हा बनवायला लागतं. काढलेले असतील तर शरीराकडे बनवायला काही उरलेलंच नाही. मग 'हॉर्मोन बंद' हा पर्यायच नसतो, फक्त कोणता हॉर्मोन घ्यायचा एवढंच ठरवायचं असतं. बीजांडकोष काढलेल्या व्यक्तीने टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हॉर्मोन) सोडलं तर इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचा मुख्य प्रकार) सुरू करावं लागतं, आणि गर्भाशय शाबूत असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर नको इतकं वाढतं. वृषण काढलेल्या व्यक्तीने इस्ट्रोजेन सोडलं तर टेस्टोस्टेरॉन लागतं. मधली काही महिन्यांची, कुठलाच हॉर्मोन नसलेली पोकळीसुद्धा हाडांना महागात पडते. पोकळी पडून गेलीच असेल तर डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता बघून घ्यावी.

कोष्टक
औषध शरीरातून जायला किती वेळ लागतो हे लोकांना माहीत नसतं, त्यामुळे 'बंद करून आठवडा झाला, काहीच फरक नाही' असे घाबरलेले प्रश्न येतात. टेस्टोस्टेरॉनचं जेल थांबवलं की पातळी चार-पाच दिवसांत उतरते. एनान्थेट किंवा सिपिओनेटची आठवड्याची इंजेक्शनं असतील तर दोन ते चार आठवडे. अन्डेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन एकदा घेतलं की १० ते १४ आठवडे पुरेल अशाच बेताने बनवलेलं असतं, ते काही मध्येच काढून घेता येत नाही. इस्ट्राडायॉलच्या गोळ्या दोन-तीन दिवसांत उतरतात. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिनसारख्या ब्लॉकरचे (शरीराचे स्वतःचे हॉर्मोन दाबणारी औषधं) तीन महिन्यांचे डोस असतात, आणि त्यांचा दाब तारखेच्या पुढेही काही आठवडे राहू शकतो.

म्हणून 'थांबवल्याची तारीख' म्हणजे शेवटच्या डोसची तारीख नव्हे, हे पत्रकात ठळक लिहा.

मिठाचा_खडा
सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगतो. इस्ट्रोजेन बंद करायचं आणि ब्लॉकर चालूच ठेवायचा. 'आधी मुख्य औषध सोडू, ते दुसरं बघू नंतर.' होतं काय, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दाबलेलंच राहतं आणि बाहेरून येणारं इस्ट्रोजेनही गेलं. दोन्हीकडून कोरडं. गरम वाफा, रात्री घामाने भिजलेली चादर, थकवा, झोपेचं खोबरं, आणि हे लांबलं तर हाडं ठिसूळ. माणूस समजतो हा थांबण्याचाच त्रास आहे. त्रास असतो तो अर्धवट थांबण्याचा.

निळावंती
+१. त्यात सायप्रोटेरोन या ब्लॉकरची गोष्ट वेगळी आहे, तीही घाला. हे औषध थोडं स्टेरॉइडसारखं वागतं. जास्त मात्रेत बराच काळ घेतलं असेल तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात, म्हणून ते टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. कमी करताना मळमळ, उलट्या, उठल्यावर चक्कर, अंगात त्राण नाही असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासायचं. स्पायरोनोलॅक्टोन या दुसऱ्या ब्लॉकरला ही भानगड नाही, पण ते रक्तदाबही उतरवतं. ज्यांचा दाब मुळात जास्त होता त्यांनी बंद केल्यावर महिनाभर घरी दाब मोजून लिहून ठेवावा.

धुक्यातली_वाट
टेस्टोस्टेरॉनसुद्धा हळूहळूच कमी करावं असं माझं मत. एकदम सोडलं की मनाचा कडेलोट होतो.

कोष्टक
इथे असहमत. तेलातलं इंजेक्शन स्वतःच हळूहळू उतरतं, त्याला वेगळी शिडी लावायची वैद्यकीय गरज नसते. शिवाय डोस निम्मा करून महिनोन्महिने रेंगाळलं तर आवाज, दाढी असे नको असलेले बदल तेवढे दिवस चालूच राहतात. ज्याला ते थांबवायचेच आहेत त्याचं त्यात नुकसान आहे.

धुक्यातली_वाट
जेलच्या बाबतीत तरी माझं म्हणणं राहू द्या, तिथे पातळी खरंच धाडकन खाली येते. आणि ज्याला नक्की ठरवता येत नाही त्याच्यासाठी कमी डोस हाही एक विराम असतो. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्यामध्ये जागा आहे हे कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कोष्टक
हे मान्य. 'न ठरलेल्यांसाठी कमी डोस, ठरलेल्यांसाठी सरळ बंद, जेल असेल तर दोन-तीन आठवड्यांत उतरवत' असं लिहिता येईल. सायप्रोटेरोन सोडून.

निळावंती
मनाबद्दल दोन ओळी. औषध उतरल्यापासून शरीराचं स्वतःचं चक्र सुरू होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. उदासी, रडू येणं, कशातच रस नसणं हे या पोकळीत हॉर्मोनमुळेही होतं. त्यामुळे 'थांबण्याचा निर्णय चुकला' किंवा 'सगळं ट्रान्झिशनच चुकलं' असे मोठे निष्कर्ष या आठवड्यांत काढू नयेत. एक माणूस ठरवून ठेवावा, जो दर दोन दिवसांनी फोन करेल आणि 'कसं चाललंय' याच्या पुढे जाऊन झोप, जेवण, जीव नकोसा वाटणं असं थेट विचारेल. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर ती याच वेळी बंद करायची नाहीत. एका वेळी एकच बदल.

सूक्ष्मदर्शी
रक्ततपासणीचं मी सांगते. थांबवल्यावर साधारण ६ ते १२ आठवड्यांनी एलएच, एफएसएच (बीजांडकोष-वृषणांना कामाला लावणारे पिट्यूटरीचे हॉर्मोन), टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल आणि प्रोलॅक्टिन. टेस्टोस्टेरॉनचा नमुना सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी. एलएच-एफएसएच तळाला असतील तर पिट्यूटरी अजून झोपलेली आहे एवढाच अर्थ. पुन्हा दोन-तीन महिन्यांनी बघायचं.

नमुना देताना होणाऱ्या चुका:
केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारे खूप असतात. बायोटिनमुळे हॉर्मोनच्या कित्येक चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. दोन-तीन दिवस आधी बंद.
जेल ज्या दंडाला लावता त्याच हातातून रक्त दिलं तर आकडा खोटा फुगतो. दुसरा हात पुढे करा.
आणि फॉर्मवरचा 'स्त्री/पुरुष' रकाना. त्यावरून कोणती मर्यादा छापायची ते यंत्र ठरवतं. टेस्टोस्टेरॉन थांबवून चार महिने झालेल्या व्यक्तीचं हिमोग्लोबिन १२.८ आलं आणि फॉर्मवर पुरुष असेल, तर आकड्याशेजारी 'कमी' असा शेरा येतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. टेस्टोस्टेरॉन रक्त दाट करतं, ते सोडल्यावर हिमोग्लोबिन खाली येणं स्वाभाविकच आहे. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हा उतार तीन-चार महिने चालतो. मात्र पाळी सुरू होऊन रक्तस्राव जास्त होत असेल तर खरी कमतरताही असू शकते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) केलं की दोन्हींतला फरक कळतो. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम काढायच्या सूत्रातही लिंग धरलेलं असतं, तिथेही डॉक्टरांना तोंडाने सांगा.

गुळवेल
सूक्ष्मदर्शी ताई, तो दुसऱ्या हाताचा मुद्दा सोन्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

अंतःस्राव
मूल होण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असली तरी बीज सुटू शकतं, आणि थांबवल्यावर तर पहिली पाळी यायच्या आधीच सुटतं, म्हणजे पाळीची वाट बघत बसलेल्याला दिवस जाऊ शकतात. नको असेल तर पहिल्या दिवसापासून साधन वापरा. हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन पूर्ण उतरल्यावरच प्रयत्न करा, गर्भाला ते घातक आहे. केस टिकवायला फिनास्टराइड घेत असाल तर तेही आधी बंद. पाळी बहुतेकांना एक ते सहा महिन्यांत येते. सहा महिन्यांत नाही आली तर आधी गर्भचाचणी, मग हॉर्मोन आणि थायरॉइड, मग सोनोग्राफी.

दुसऱ्या बाजूला, शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून इस्ट्रोजेन आणि ब्लॉकर दोन्ही थांबवल्यावर तीन महिन्यांच्या आत वीर्यतपासणी करण्यात अर्थ नाही. शून्य आलं तरी लगेच धीर सोडू नये, काहींना वर्ष किंवा जास्त लागतं. पण सगळ्यांचं परत येतंच असं वचन कोणी देऊ नये. यासाठी वृषणांना चालना देणारी क्लोमिफीन किंवा एचसीजी ही औषधं देतात, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

स्वरलेखा
आवाज. इस्ट्रोजेनने आवाज बदललेला नसतोच. तो सरावाने बदललेला असतो आणि सराव सोडला की परततो. टेस्टोस्टेरॉनचं तसं नाही. स्वरतंतू एकदा जाड झाले की औषध थांबवून पातळ होत नाहीत. हे पत्रकात स्पष्ट लिहा, कारण वाट बघण्यात वर्षं जातात.

मग करायचं काय? पट्टी चढवणं हे निम्मंच काम. पुरुषी आवाज साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास बसतो, बायकी १६५ च्या पुढे. पण १८० हर्ट्झला नेऊनही आवाज छातीतूनच घुमत राहिला तर ऐकणाऱ्याला तो पुरुषाचाच वाटतो. घुमारा छातीतून तोंडाच्या पुढच्या भागात आणणं महत्त्वाचं. सुरुवात अशी: पेल्यात दोन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक जेमतेम बुडवायचं आणि बुडबुडे काढत 'ऊ' धरायचा, खालून वर सरकवायचा. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग 'ई' आणि 'म' वर ओठ-नाकाजवळचा कंप हाताने चाचपायचा. घसा दुखला किंवा बसला की त्या दिवशी बंद. कुजबुजून बोलणं हा आराम नव्हे, त्याने ताण वाढतो.

शस्त्रक्रियेत स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवून लांबी कमी करतात. पट्टी चढते, घुमारा बदलत नाही. त्यामुळे आधी वाचातज्ज्ञांकडे काही महिने, मग हा विचार.

बाराखडी
अवांतर, पण आवाजावरून आठवलं. आवाजाच्या आधी माणसाला पकडून देतं ते मराठी क्रियापद! 'मी आलो' म्हणू की 'मी आले' यातच विराम घेणाऱ्याची गाडी अडते. ज्यांना अजून काहीच जाहीर करायचं नाही त्यांना भाषेनेच पळवाटा ठेवल्या आहेत.

भविष्यकाळ बिनधास्त वापरा: 'मी येईन', 'मी करेन' याला लिंग नाही. सकर्मक भूतकाळही मोकळा, तिथे क्रियापद कर्माचं ऐकतं: 'मी पत्र लिहिलं', 'मी भाकरी खाल्ली'. अडचण 'आलो, गेलो, बसलो, म्हणालो, विसरलो, जेवलो' यांची. तिथे वाक्य फिरवायचं. 'म्हणालो'च्या जागी 'मी सांगितलं'. 'विसरलो'च्या जागी 'माझ्या लक्षात राहिलं नाही'. 'जेवलो'च्या जागी 'माझं जेवण झालं'. 'निघतो'च्या जागी 'मला निघायला हवं'. आणि सोबत कोणी असेल तर 'आम्ही आलो' सगळ्यांना चालतं.

गुळवेल
बाराखडी, हे भारी आहे! आठवडाभर असं बोलणारा माणूस शेवटी व्याकरणाचा शिक्षक होऊन बाहेर पडेल. 🙂

पारिजात_७
अवांतर कसलं, हे अर्धं पान मी तसंच घेणार आहे. केस आणि शस्त्रक्रिया राहिल्या.

मिठाचा_खडा
केस: दाढीची मुळं एकदा जागी झाली की राहतात. टेस्टोस्टेरॉन गेल्यावर वाढ मंदावते, अंगावरची लव थोडी विरळ होते, दाढी जात नाही. टक्कल पडलेल्या जागी मुळं मेलेली असतील तर तिथे आपोआप उगवणार नाही. लेझर फक्त काळ्या केसांवर चालतो. पांढरे, भुरे केस इलेक्ट्रोलिसिसने एकेक करून काढावे लागतात. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित. आधीचे चार-सहा आठवडे वॅक्सिंग किंवा चिमटा नाही, फक्त वस्तरा, कारण लेझरला मूळ जागेवर लागतं. टेस्टोस्टेरॉन पूर्ण उतरायच्या आधी सुरू केलं तर एकीकडे जाळा, दुसरीकडे नवे उगवा, असं होतं.

उलट बाजूला, इस्ट्रोजेनच्या काळात लेझरने घालवलेली दाढी फारशी परत येत नाही.

वैद्यनाथ_ब
शस्त्रक्रिया. इस्ट्रोजेनने वाढलेल्या छातीतली चरबी थोडी ओसरते, गाठीसारखी ग्रंथी राहते. ती काढायची असेल तर हॉर्मोन स्थिर होऊन सहा महिने ते वर्ष गेल्यावर मोजमाप करावं, आधी केलं तर आकार नंतर बदलतो. काढताना चरबी शोषून घेतात आणि स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेतून ग्रंथी कापतात. पुढे काही आठवडे दाबपट्टा.

छाती काढून टाकलेली असेल तर परत बांधता येते: इम्प्लांट, किंवा स्वतःची चरबी भरून. भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं, म्हणून एका बैठकीत भागत नाही. स्तनाग्र सुटं काढून पुन्हा बसवलेलं असेल तर तिथली संवेदना आणि दूध येणं, दोन्ही गेलेलं धरून चालावं. थोडी स्तनपेशी मागे राहतेच, त्यामुळे घरात कर्करोगाचा इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगा.

जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियांनंतर मूळ रचना परत आणता येत नाही, नवी रचना करता येते. हाताच्या त्वचेपासून लिंग बनवायच्या शस्त्रक्रियेला अनेक टप्पे लागतात आणि लघवीची नळी आकसणं किंवा गळणं ही तिची नेहमीची दुखणी. योनी बनवलेली असेल आणि डायलेटर (जागा ताणून ठेवणारं साधन) बंद केला तर ती आकसते, तोही निर्णय नकळत होऊ देऊ नका. प्रोस्टेट मात्र तिथेच असतो, तपासणीच्या वयात त्याला विसरू नका.

डब्ल्यूपाथ या ट्रान्स आरोग्यतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत याबद्दल सांगितलेलं आहे: वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांकडून तपासणी, आणि पुढची न परतणारी शस्त्रक्रिया करण्याआधी नव्या भूमिकेत बराच काळ राहून बघणं. पहिल्या घाईचं दुःख दुसऱ्या घाईने भरून काढू नये असं मला फार मनापासून वाटतं.

धुक्यातली_वाट
पत्रकात आकडे टाकणार आहात का? किती टक्के लोक मागे फिरतात वगैरे? टाकावेत असं वाटतं, लोकांना एकटं वाटत नाही.

कोष्टक
टाकलेत तर कोणाला विचारलं तेही टाका, नाहीतर त्याच आकड्यांनी भांडणं होतात. अमेरिकेतल्या २०१५ च्या मोठ्या सर्वेक्षणात ट्रान्झिशनची पावलं उचललेल्या १७,१५१ जणांपैकी १३.१ टक्के लोक कधी ना कधी मागे फिरले होते, आणि त्यातल्या ८२.५ टक्क्यांनी किमान एक बाहेरचं कारण दिलं होतं. पण तिथे विचारलं होतं ते आजही स्वतःला ट्रान्स म्हणवणाऱ्यांनाच. संशोधक लिसा लिटमन यांच्या २०२१ च्या अभ्यासात मागे फिरलेल्या १०० जणांनाच विचारलं, तिथे चित्र वेगळं दिसणारच. आणि ॲमस्टरडॅमच्या २०१८ च्या अभ्यासात पश्चात्तापाचं प्रमाण ट्रान्स स्त्रियांमध्ये ०.६ आणि ट्रान्स पुरुषांमध्ये ०.३ टक्के निघालं, पण ते जननग्रंथी काढलेल्यांपुरतंच, आणि बरेच जण पुढे पाठपुराव्याला आलेच नव्हते.

पत्रकाच्या कामाचा आकडा लिटमन यांच्या अभ्यासात आहे: त्या १०० पैकी फक्त २४ जणांनी थांबल्याचं आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं.

निळावंती
म्हणजे ७६ जणांच्या हाडांचं, रक्ताचं, मनाचं काय झालं ते औषध देणाऱ्याला कळलंच नाही. धाग्याच्या पहिल्या प्रतिसादापासून आपण ज्या चुका मोजतोय त्या सगळ्या इथेच उगवतात. पारिजात, पहिल्या पानावर डॉक्टरांना वाचून दाखवता येईल अशी तयार वाक्यंच छापा. कारण सांगायची सक्ती नको.

पारिजात_७
असं चालेल का? 'मला हॉर्मोन थांबवायचे आहेत. शेवटचा डोस अमुक तारखेला, अमुक औषध, अमुक मात्रा. शरीरात बीजांडकोष/वृषण/गर्भाशय आहे/नाही. पुढच्या तपासण्यांच्या तारखा ठरवून द्याव्यात. थांबण्याच्या कारणाबद्दल आज बोलायचं नाही.' शस्त्रक्रियेची कागदपत्रं आणि बायोप्सीचे अहवाल सोबत न्या, असंही खाली टाकते. आणि 'माघार' शब्द काढून सगळीकडे 'थांबणं' ठेवते. लढाईतून पळाल्यासारखं वाटायला नको.

अंतःस्राव
चालेल. फक्त 'शेवटचा डोस'च्या पुढे 'पुढचा डोस कधी होता' हाही रकाना ठेवा. अन्डेकॅनोएट आणि तीन महिन्यांच्या ब्लॉकरवाल्यांची तपासणी त्या तारखेपासून मोजायची आहे.